भुवईतल्या पांढऱ्या केसाचं काय करायचं

डोक्यावरचे केस पिकले तर कलप आहे, मेंदी आहे, फार तर भांग बदलता येतो. भुवईत मात्र लपायला जागाच नसते. दोन्हीकडचे मिळून पाच-सहा केस पांढरे झाले तरी आरशासमोर उभं राहिल्यावर पहिली नजर तिथेच जाते. त्यातून हे केस बरेचदा बाकीच्यांपेक्षा राठ आणि वाकडेतिकडे वाढणारे असतात, त्यामुळे रंगाच्या आधी त्यांचा आकारच डोळ्यांत भरतो.

या विषयावर इंटरनेटवर मिळणारे बरेचसे सल्ले गोऱ्या कातडीसाठी लिहिलेले असतात. गोऱ्या चेहऱ्यावर भुवई पांढरी झाली की ती दिसेनाशी होते, म्हणून त्या सल्ल्यांचा सगळा भर पेन्सिलीनं भुवई नव्यानं रेखण्यावर असतो. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर नेमकं उलटं घडतं. काळ्या खणावर पांढरा दोरा राहून जावा तसा तो केस उठून दिसतो. आपल्याला मोकळी जागा भरायची नसते, तो एकेक केस झाकायचा असतो. पेन्सिल, पावडर, मायक्रोब्लेडिंग (सुयांनी कातडीत रेघा कोरून रंग भरणं) या सगळ्यांचा रंग प्रामुख्यानं कातडीवर बसतो आणि वरचा केस पांढराच राहतो. "एवढी महागाची पेन्सिल घेतली तरी पांढरे दिसतातच," ही तक्रार त्यातूनच येते. पेन्सिलीचा दोष नसतो, काम चुकीचं सांगितलेलं असतं.

केस पांढरा का होतो, आणि डॉक्टरकडे कधी जायचं

केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. वय वाढतं तसा त्यांचा साठा संपत जातो आणि त्या मुळातून पुढचा केस रंगाशिवाय उगवतो. बहुतेकांचं आधी डोकं पिकतं, पुरुषांची दाढी-मिशी पिकते, भुवयांची पाळी नंतर येते.

भुवईचा केस दिवसाला साधारण ०.१५ मिलिमीटर वाढतो, डोक्यावरचा त्याच्या दुपटीहून जास्त. आणि भुवईच्या केसाचं आयुष्य काही महिन्यांचंच असतं. तो गळतो, त्या जागी दुसरा येतो. त्यामुळे भुवईला लावलेला रंग कितीही पक्का असला तरी तो जास्तीत जास्त चार ते सहा आठवडे दिसणार, कारण रंग उतरत जातो आणि रंगवलेले केसही एकेक करून गळत राहतात. "सहा महिने टिकेल" असं कोणी सांगितलं तर तिथून उठून यावं.

काही वेळा मात्र रंगाचा विचार नंतर आणि डॉक्टर आधी. भुवईचा एकच तुकडा पांढरा झाला असेल आणि खालची कातडीही फिकट किंवा पांढरी पडत असेल तर ते कोड असू शकतं. त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवलं तर उपचाराला वाव जास्त असतो. बाहेरच्या टोकाकडचा एकतृतीयांश भाग विरळ होत चालला असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. वयाच्या पंचविशीच्या आत केस पिकायला लागले असतील तर रक्तातलं बी-१२ तपासावं. शाकाहारी घरांत त्याची कमतरता पुष्कळ आढळते आणि ती भरून काढल्यावर काहींच्या नव्या केसांना रंग परत येतो. सगळ्यांना येत नाही. एरंडेल, आवळ्याचं तेल, कढीपत्ता, कांद्याचा रस यांनी भुवईचा पिकलेला केस काळा होत नाही. एरंडेलानं केस ओला आणि गडद दिसतो, तो तेलाच्या चकाकीमुळे. धुतलं की गेलं.

उपटायचा नाही, कापायचा

"एक उपटला की सात येतात," हे खोटं आहे. एका मुळातून आलेला केस उपटल्यानं शेजारची मुळं पांढरी होत नाहीत. तरीही उपटू नये, कारण दोनेक महिन्यांत त्याच मुळातून पुन्हा पांढराच येणार, आणि तोच तोच केस वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मूळ कायमचं थकतं. चाळिशीनंतर भुवया अशाही विरळ व्हायला लागलेल्या असतात. तेव्हा पांढरा का होईना, केस असलेला बरा. पांढऱ्या केसाला रंग लावता येतो, टक्कल पडलेल्या जागेला काय लावणार?

पार्लरमध्ये थ्रेडिंगला बसलात की आधीच सांगून ठेवा, "ताई, मधले पांढरे ओढू नका, फक्त खालची रेघ साफ करा." नाही सांगितलं तर बहुतेक ठिकाणी चिमट्यानं ते काढून टाकले जातात, आणि तेही आपल्यावर मेहेरबानी म्हणून. हे तीन-चार वर्षं चाललं की भुवईच्या मध्यात खिडक्या पडतात.

कापायला छोटी, बोथट टोकाची कात्री आणि मस्कारासारखा गोल ब्रश एवढंच लागतं. केस कोरडे असताना कापा. ओला केस लांब दिसतो आणि वाळल्यावर नको तेवढा आखूड निघतो. ब्रशनं भुवई सरळ वर विंचरा. आता भुवईच्या वरच्या रेषेबाहेर जी टोकं आली असतील ती दिसतील. कात्री भुवईच्या रेषेला समांतर, किंचित तिरपी धरा आणि एका वेळी एकाच केसाचं टोक घ्या. कंगव्यावर सगळे केस एकदम धरून सरळ कापले तर भुवईला पायरी पडते आणि ती पायरी जायला दोन महिने लागतात. टोकं कापून झाली की केस बाहेरच्या दिशेनं विंचरून बघा. पुष्कळदा इथेच काम होतं, कारण राठ पांढरा केस आखूड झाला की काळ्यांच्या आड जातो.

पुरुषांसाठी तर ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. वय वाढतं तसे त्यांच्या भुवयांचे केस लांब आणि राठ होतात, कानातल्या-नाकातल्या केसांसारखेच. दाढी करायला बसल्यावर न्हाव्याला कात्री-कंगव्यानं करायला सांगावं. नुसता ट्रिमर फिरवला तर एका क्षणात खालची कातडी दिसते आणि मग गॉगल घालून फिरावं लागतं.

रंगीत जेल: रोजचा उपाय

पाच पांढरे असोत की पंचवीस, बहुतेकांना पुरेल असा उपाय म्हणजे भुवयांसाठी मिळणारं रंगीत जेल. बाटली मस्कारासारखीच, ब्रश त्याहून छोटा. ते केसाभोवती पातळ थर देतं आणि राठ केसाला जागेवर बसवतंही, म्हणजे रंग आणि आकार दोन्ही कामं एकदम. संध्याकाळी धुतलं की गेलं, आणि कलपासारखी ॲलर्जीची टांगती तलवार नाही.

छटा निवडताना मनगटावर लावून बघण्यात अर्थ नाही, कारण आपल्याला तो रंग कातडीवर लावायचाच नाहीये. त्याऐवजी पांढरा सुती दोरा घ्या, शिवणाचा चालेल. बोटभर तुकड्यावर जेल लावा, वाळू द्या आणि खिडकीजवळच्या उजेडात बघा. बाटलीत छान तपकिरी वाटणारे कित्येक रंग दोऱ्यावर विटकरी निघतात. तसाच तो तुमच्या पांढऱ्या केसावर दिसणार. आपल्या काळ्या केसांत राख मिसळल्यासारखा गडद तपकिरी किंवा मऊ काळा रंग मिसळून जातो. लालसर झाक टाळा. गर्द काळा शक्यतो नको, चेहरा रागीट दिसतो. डोक्याचे केस निम्मेअधिक पिकले असतील आणि ते तसेच ठेवले असतील तर भुवई आणखी एक-दोन छटा हलकी ठेवा, करड्या तपकिरीकडे झुकणारी.

लावायची रीत अशी. आधी भुवई फेसवॉशनं धुऊन पूर्ण कोरडी करा. सनस्क्रीन, क्रीम, तेल यांतलं काहीही केसांवर राहिलं असेल तर जेल घसरतं, म्हणून सनस्क्रीन लावताना भुवया सोडून लावा किंवा नंतर टिश्यूनं टिपून घ्या. ब्रश बाटलीतून काढताना बाटलीच्या तोंडावर निपटा आणि वर पुन्हा टिश्यूवर एकदा टेकवा. हे टिश्यूचं पाऊल बहुतेक जण गाळतात आणि मग केसांच्या गुठळ्या होतात. आता ब्रश उलट दिशेनं फिरवा, कानाकडून नाकाकडे, अगदी हलक्या हातानं. केसाची खालची बाजू अशीच रंगते. सरळ फिरवलं तर फक्त वरची बाजू रंगते आणि बाजूनं बघणाऱ्याला पांढरं दिसतच राहतं. वीस-तीस सेकंद थांबा. मग नेहमीच्या दिशेनं विंचरून केस बसवा. एखादा हट्टी केस अजून चमकत असेल तर त्याच्यापुरता दुसरा पातळ हात द्या. एकच जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात कधीही चांगले. जाड थर वाळला की दुपारपर्यंत त्याची खपली सुटते आणि गालावर काळे कण पडतात.

दोन-तीनच पांढरे असतील तर सगळी भुवई रंगवायची गरज नाही. आयलायनरचा बारीक ब्रश जेलमध्ये बुडवा आणि फक्त तेवढे केस मुळापासून टोकापर्यंत रंगवा. मुळाशी किंचित सोडलं तर तिथे पांढरा ठिपका राहतो, आणि जवळून तोच दिसतो.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, पावसाळ्यात किंवा व्यायाम करणाऱ्यांनी वॉटरप्रूफ घ्यावं. घाम पुसताना कपाळावर रुमाल घासायचा नाही, टिपायचा. रात्री काढताना कापसावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घ्या, भुवईवर पंधरा-वीस सेकंद धरून ठेवा आणि केसांच्या दिशेनं पुसा. घासून काढलं तर दर वेळी दोन-चार केस बरोबर येतात. नंतर फेसवॉश लावायला विसरू नका, नाहीतर सकाळी तेलावर जेल बसणार नाही.

घरात जेल नसेल आणि तासाभरात बाहेर पडायचं असेल तर तपकिरी मस्काराही चालतो. टिश्यूवर ब्रश इतका निपटा की जवळजवळ कोरडा होईल, मग तसाच उलटा-सुलटा फिरवा. मस्कारा उघडून तीन महिने झाले असतील तर फेकून द्या, आणि दुसऱ्याचा वापरू नका, डोळ्यांना संसर्ग होतो. काजळ मात्र लावू नका. ते तेलातुपात खललेलं असतं, अर्ध्या तासात पसरतं आणि पापणीपर्यंत उतरतं. बाजारातल्या काही सुरम्यांमध्ये शिसंही सापडतं, त्यामुळे तो विषयच नको.

पेन्सिलीला पूर्ण बाद करायचं कारण नाही. केसांमध्ये मोकळ्या जागा असतील तर आधी टोकदार पेन्सिलीनं केसासारख्या आखूड रेघा ओढा आणि वरून जेल द्या. सलग पट्टा रंगवला तर स्टॅम्प मारल्यासारखं दिसतं. पावडर फक्त कोरड्या हवेत टिकते. डबीतलं मेणाचं पोमेड उन्हाळ्यात वितळतं आणि ते लावायला हात बसलेला लागतो.

कलप आणि टिंट: इथे सावध

डोक्याला कालवलेला कलप उरला की ब्रश भुवईवर फिरवायचा, ही सवय घरोघरी आहे, आणि पुरुषांमध्ये दाढीच्या कलपाची तशीच. ती सोडावी असं अगदी कळकळीनं सांगावंसं वाटतं. पीपीडी (काळ्या कलपातलं नेहमीचं रसायन) किंवा तसले रंग असलेल्या कलपाच्या पाकिटावर आपल्या देशात कायद्यानं इशारा छापावा लागतो: हे भुवया किंवा पापण्यांना लावू नये, त्यानं अंधत्व येऊ शकतं. अक्षर बारीक असतं, पण प्रत्येक पाकिटावर असतं. एकदा भिंग घेऊन वाचा.

हा इशारा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या-भुवयांचा रंग ब्युटीपार्लरमध्ये वापरला जायचा. त्यात पीपीडीच्याच कुळातलं रसायन होतं. त्यामुळे काही स्त्रियांचे डोळे गेले, एकीचा मृत्यूही झाला. त्या वेळी सरकारच्या हातात ते बाजारातून काढायला कायदाच नव्हता. १९३८ साली नवा कायदा झाला आणि त्याखाली सर्वांत आधी जप्त झालेल्या वस्तूंमध्ये हे होतं.

पीपीडीचं पूर्ण नाव पॅराफेनिलिनडायअमाइन. ॲलर्जी पहिल्याच वेळी यावी असं नाही. दहा वर्षं कलप लावणाऱ्याला अकराव्या वर्षी येऊ शकते, कारण शरीर हळूहळू त्याच्या विरोधात तयार होत असतं. जत्रेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर कधी "काळ्या मेंदी"चा टॅटू काढून घेतला असेल आणि तिथे खाज सुटली असेल, तर अशा माणसानं कुठल्याही काळ्या कलपापासून लांबच राहावं. त्या काळ्या मेंदीत हेच रसायन, तेही बेसुमार प्रमाणात घातलेलं असतं. शिवाय पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ. भुवईवर लावलेल्या रंगाची रिॲक्शन आली की सूज खाली पापण्यांवर उतरते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत.

भुवयांसाठी वेगळा बनवलेला टिंट असतो. पार्लरमध्ये "आयब्रो टिंट" म्हणून करतात तो हाच. त्याचा रंग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवतात. डोक्याच्या कलपात ६ टक्के किंवा त्याहून जास्त असतं, ते भुवईला अजिबात वापरायचं नसतं. टिंटमध्येही बहुधा पीपीडी किंवा त्याचा जवळचा भाऊ टोल्युइनडायअमाइन असतो, त्यामुळे "पीपीडी नाही" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. एकाची ॲलर्जी असलेल्या अनेकांना दुसऱ्याचीही येते.

तरीही करायचंच ठरवलं असेल तर घरी करू नका, आणि पार्लरमध्येही तीन गोष्टी विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नका. बाटली भुवयांचीच आहे का, डेव्हलपर (रंग कालवायचं पेरॉक्साइड) ३ टक्क्यांचा आहे का, आणि पॅच टेस्ट करणार का. पॅच टेस्ट म्हणजे कालवलेला रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत लावून वाळू देणं. पाकिटांवर २४ तास लिहिलेलं असतं, पण ही ॲलर्जी सावकाश वर येते. पूर्ण ४८ तास थांबा, ७२ झाले तर आणखी चांगलं. खाज, लाली, बारीक फोड, काहीही आलं तर विषय संपला. ही चाचणी दर वेळी करायची, मागच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून गाळायची नाही. "आमच्याकडे कुणाला काही होत नाही" असं उत्तर मिळालं तर पर्स उचलून बाहेर पडा.

पांढरा केस टिंट पटकन घेत नाही. काळा केस पाच मिनिटांत गडद होतो तिथे पांढऱ्याला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात, अर्थात पाकिटावरच्या मर्यादेतच. म्हणून जाणकार बाई आधी फक्त पांढऱ्या केसांवर रंग ठेवते आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत बाकीच्या भुवईवर ओढते. सगळीकडे एकदम लावला तर काळे केस आणि कातडी कोळशासारखी होते, पांढरे मात्र फिके तपकिरीच राहतात. भुवईभोवती व्हॅसलीन लावतात ते कातडी रंगू नये म्हणून. ते केसांना लागलं तर तिथे रंग चढत नाही, म्हणून ते बोटानं न लावता कापसाच्या काडीनं लावायला हवं. कातडीवरचा डाग दोन-तीन दिवसांत उतरतो, केसांवरचा रंग तीन ते सहा आठवड्यांत. त्यामुळे लग्नकार्य असेल तर तीन-चार दिवस आधी करा, आदल्या दिवशी नको. थ्रेडिंग त्याच बैठकीत असेल तर टिंट आधी, थ्रेडिंग नंतर. ताज्या थ्रेडिंगवर रंग लावला तर उघड्या पडलेल्या कातडीत तो आग करतो. शक्य तर दोन्हींत दोन दिवसांचं अंतर ठेवा.

रंग डोळ्यात गेला तर चोळायचं नाही. लेन्स असेल तर काढा, नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. पाकीट बरोबर न्या.

मेंदीचं खरं-खोटं

शुद्ध मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो आणि तो केसातल्या केराटिनला घट्ट चिकटतो. पण तो केशरी आहे. काळ्या केसावर त्याची नुसती तांबूस झाक येते, पांढऱ्या केसावर तो लख्ख केशरी चढतो. डोक्यावर हे खपून जातं, भुवईवर नाही. पांढऱ्याऐवजी नारंगी केस चमकायला लागतात आणि त्यावर दुसरा रंग चढवणं आणखी कठीण होतं.

नैसर्गिक रंगानंच करायचं असेल तर दोन टप्पे लागतात: आधी मेंदी, मग नीळ. नीळ म्हणजे कपड्यांची नव्हे, नीळीच्या झाडाच्या पानांची हिरवट पूड. गाळलेली मेंदी पाण्यात लिंबाचा रस घालून रात्रभर भिजवा. सकाळी घट्ट लेप कापसाच्या काडीनं केसांवर ठेवा, वर प्लास्टिकचा पातळ तुकडा लावा म्हणजे वाळणार नाही, आणि तीस-चाळीस मिनिटांनी धुवा. लगेच नीळ कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या आणि मेंदीइतकाच वेळ केसांवर ठेवा. कालवलेली नीळ अर्ध्या-पाऊण तासात निकामी होते, म्हणून आधी करून ठेवायची नाही. धुतल्यावर रंग हिरवट-निळसर दिसेल, घाबरू नका. हवेनं तो एक-दोन दिवसांत गडद तपकिरी ते काळा होतो. तोपर्यंत भुवईला साबण लावू नका. लेप ओघळून डोळ्यात जाऊ नये म्हणून तो श्रीखंडाएवढा घट्ट हवा आणि काम पाठीला उशी घेऊन, मान मागे टाकून करावं. पॅच टेस्ट इथेही करा.

आणि "काळी मेंदी", "हर्बल ब्लॅक", "दहा मिनिटांत नैसर्गिक काळा" अशी पाकिटं मेंदीची नसतात. कुठलंही पान दहा मिनिटांत केस काळा करत नाही. मागची घटकांची यादी वाचा, पीपीडी बहुधा तिथेच असतं. पार्लरमध्ये "ब्रो हेना" म्हणून जे करतात त्यातही कित्येकदा तेच असतं, म्हणून त्याला टिंटचेच नियम लावा. त्याचा कातडीवरचा डाग आठवडाभर किंवा त्याहून जास्त राहतो.

मायक्रोब्लेडिंग

यात बारीक सुयांच्या पात्यानं कातडीत केसासारख्या रेघा कोरून रंग भरतात. बरं व्हायला आठ-दहा दिवस, महिना-दीड महिन्यानं दुसरी बैठक, आणि रंग वर्ष-दोन वर्षं. विरळ भुवईला हे छान दिसतं. पांढऱ्या केसांसाठी करत असाल तर मात्र थांबा. रंग कातडीत जातो, केस पांढराच उगवत राहतो, आणि मागे गडद पट्टा आल्यावर तो पूर्वीपेक्षा जास्त उठून दिसतो. मग वरून जेल लावावं लागतंच. तेलकट कातडीवर आणि दमट हवेत रेघा पसरतात. काही रंग फिके होताना लालसर किंवा निळसर होतात.

ज्यांचं बाहेरचं टोक पूर्ण गेलंय त्यांना हे उपयोगी आहे. मग सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली जाते ना, हे बघा. कावीळ बी आणि सी अस्वच्छ सुयांमधूनही पसरते. मधुमेह ताब्यात नसेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, जखमेवर जाड वण उठत असेल किंवा गरोदर असाल तर करू नका. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथल्या तंत्रज्ञाला सांगा. काही रंगांत लोहाचे कण असतात आणि क्वचित त्या जागी चटका किंवा सूज जाणवते.

पांढऱ्याच ठेवायच्या असतील तर

डोकं पूर्ण पिकलंय आणि कलप सोडून दिलाय, अशांनी भुवया काळ्याभोर ठेवल्या की त्या चिकटवल्यासारख्या वाटतात. इथे बिनरंगाचं जेल लावा, टोकं कापत राहा, आणि दर पंधरा-वीस दिवसांनी खालची रेघ साफ करा. पांढरी भुवई विस्कटलेली असली तरच माणूस थकलेला दिसतो. नीट बसवलेली असेल तर रुबाबदार दिसते. अधलामधला काळ अवघड असतो, निम्मे काळे निम्मे पांढरे. त्यात करड्या तपकिरी जेलचा एक पातळ हात दोघांना जवळ आणतो. चार-पाच महिने तेवढं केलं की पुढे त्याचीही गरज राहत नाही.

आणि कुठलाही प्रकार केला असला तरी घराबाहेर पडण्याआधी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो समोरून आणि एक बाजूनं काढा. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली जो केस झाकला गेला असं वाटतं, तो फ्लॅशमध्ये तारेसारखा चमकतो. तेवढ्यापुरता बारीक ब्रश पुन्हा फिरवायला अर्धं मिनिटही लागत नाही.